गळ्यातला कॅमेरा खांद्यावर कसा आला? बारामती–इंदापूरच्या वाटेवरून एका पट्ट्याचा इतिहास

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुराकडे निघते, तेव्हा त्या रस्त्यावर वजन वाहणारी दोन प्रकारची माणसे एकमेकांच्या शेजारून चालत असतात. एकाच्या पोटाशी मृदंग असतो, दुसऱ्याच्या पोटाशी कॅमेरा. दोहोंत मृदंग कितीतरी जड. तरीही संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यानंतर मान चोळत बसलेला बहुधा कॅमेरेवालाच असतो.

वारकऱ्याला चालण्याचा सराव असतो, छायाचित्रकाराला नसतो, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येईल. पण वर्तमानपत्रांसाठी वर्षानुवर्षे वारी टिपणाऱ्यांनाही ही मानदुखी चुकलेली नाही. उत्तराचा मोठा भाग पट्ट्यात आहे. मृदंगाचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्यांनी घडवला. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र एका वेगळ्या, हलक्या यंत्रासाठी तयार झाला आणि यंत्र जड झाल्यावरही तो तसाच राहिला. हे नेमके कसे घडले, हा या धाग्याचा विषय.

सुरुवातीला कॅमेऱ्याला पट्टा नव्हताच, कारण तो माणसाने अंगावर वागवायचा नव्हता. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्याला बिजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. बिग्ज कागदी निगेटिव्ह वापरत असे. त्यामुळे त्याचे ओझे काचेच्या मानाने तरी हलके होते.

काचेचा प्रकार निराळा. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुवायची. हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे काळोखी राहुटी, बाटल्या, तबके, पाणी आणि काचांच्या पेट्या. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात गेला तो तीसेक हमाल घेऊन. त्या काळी छायाचित्रकाराच्या खांद्याला काही होत नसे. जे व्हायचे ते हमालाच्या खांद्याला होई, आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

दख्खनच्या पठारावर हे ओझे बैलगाडीने आणि नंतर रेल्वेने फिरे. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस आजच्या इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत आला होता. भीमेवरचे डिकसळ आज उजनीच्या फुगवट्याच्या काठी आहे आणि हिवाळ्यात तिथे लांब नळ्यांच्या लेन्सा घेतलेल्या माणसांची गर्दी असते. रेल्वेने आणून सोडलेली पेटी पुढे कोणाच्या डोक्यावरून जायची आणि आजची लेन्स कोणाच्या मानेवरून जाते, या दोन गोष्टींमधला फरक म्हणजेच पट्ट्याचा इतिहास.

ओझे छायाचित्रकाराच्या अंगावर आले ते कोरड्या काचांनंतर. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढे अशा काचा कारखान्यात तयार होऊन बाजारात मिळू लागल्या आणि राहुटीची गरज संपली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला: एक पेटी, आत शंभर चित्रांची गुंडाळी. ही पेटी ज्या चामडी म्यानात मिळे त्याला खांद्यावर अडकवायचा पट्टा होता. पट्टा म्यानाला होता, कॅमेऱ्याला नव्हता. कॅमेरा काढायचा, चित्र घ्यायचे, पुन्हा म्यानात ठेवायचा. दिवसभर तो उघडा अंगावर लटकत ठेवावा हे कोणाच्या मनात नव्हते.

यानंतरचा टप्पा वजनाच्या दृष्टीने महत्त्वाचा. जर्मनीतील वेट्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रकार होता. त्याला दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन डोंगरात फिरणे त्याला झेपत नसे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा त्याने १९१३-१४ च्या सुमारास तयार केला आणि १९२५ मध्ये लायका या नावाने तो लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. आधुनिक कॅमेऱ्याचा जन्म उत्तम चित्राच्या ओढीतून झाला असे आपण समजतो. निदान अर्धा तरी तो ओझे न पेलवणाऱ्या एका माणसाच्या छातीतून झाला आहे.

पहिल्या लायकालाही पट्ट्याच्या कड्या नव्हत्या. तोही चामडी म्यानातून वागवला जाई. १९३३ च्या ‘लायका तीन’ या प्रतीला दोन्ही बाजूंना बारीक कड्या बसवल्या गेल्या आणि पट्टा म्यानाकडून कॅमेऱ्याकडे आला. या कॅमेऱ्याचे वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर होते. अर्धा किलो मानेवर घेण्यासाठी बोटभर रुंदीची चामडी वादी पुरेशी होती. दोन कड्या, एक वादी, मान: आजही नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात जो पट्टा निघतो, त्याची मूळ मांडणी हीच.

मान निवडण्याचे आणखी एक कारण त्याच काळात मिळाले. १९२९ मध्ये ब्राउनश्वाइगच्या फ्रँके आणि हायडेके यांनी रोलायफ्लेक्स आणला. या कॅमेऱ्यात वरून खाली पाहायचे असते. तो पोटाशी धरायचा. गळ्यातला पट्टा ताणून कॅमेरा किंचित खाली दाबला की तो हलत नाही. म्हणजे इथे पट्टा नुसता वाहण्याचा नव्हता, हाताला स्थैर्य देणारा होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातातील यंत्रांत रोलायफ्लेक्स होताच. साडी नेसून, गर्दीत वाट काढत, दिवसाचे दिवस काम करणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्री वृत्तछायाचित्रकाराच्या पट्ट्याबद्दल कोणी तिला विचारले असते तर किती बरे झाले असते.

इथवर सगळे ठीक होते. हलका कॅमेरा, किंवा पट्ट्याचा उपयोग करून घेणारा कॅमेरा. दोन्हींना मान चालत होती. बिघाड पुढे सुरू झाला. १९५९ च्या निकॉन एफपासून आरसा आणि प्रिझम असलेले कॅमेरे वृत्तपत्रांच्या हाती आले आणि लेन्ससह वजन किलोच्या घरात गेले. त्यांना मोटर जोडल्या गेल्या. १९९९ मध्ये निकॉनचा डी-वन हा डिजिटल कॅमेरा आला, तेव्हा लेन्सशिवायच त्याचा देह किलोहून जड होता. आज वारीत दोन कॅमेरे घेऊन फिरणाऱ्याचा हिशेब मांडावा: दोन देह दोन किलो, रुंद कोनाची दर्जेदार झूम सुमारे एक किलो, दूरची झूम सुमारे दीड किलो. साडेचार किलो झाले. बार्नाकच्या यंत्राच्या नऊपट.

पट्टा मात्र दोन कड्यांचा आणि मानेचाच राहिला. फार तर रुंद झाला आणि त्यावर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत आले. घेतलेल्या वस्तूची जाहिरात विकत घेणाऱ्याने आपल्याच मानेवर फुकट मिरवावी, असा हा प्रकार आहे, आणि आजही तो नव्या मालकाला अभिमानाचा वाटतो.

मान आणि खांदा यांतला फरक समजण्यासाठी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. मृदंगवादकाकडे पाहिले तरी पुरते. दिंडीतला मृदंग गळ्यात ‘घातलेला’ असतो असे म्हणण्याची पद्धत आहे, पण नीट पाहिले तर त्याचा रुंद पट्टा मानेच्या मागून येऊन दोन्ही खांद्यांच्या मुळाशी बसलेला दिसतो. अनेक वादक उपरण्याचा किंवा कापडाचा दुसरा वेढा कमरेशी आवळतात. त्यामुळे मृदंग पोटाला चिकटतो, झोके घेत नाही आणि त्याचे काही वजन कंबर घेते. टाळांच्या ठेक्यावर पावली खेळताना माणूस वर उडतो, वाकतो, गिरकी घेतो, तरी वाद्य अंगाचाच भाग होऊन हलते. तळहाताला मृदंग नेमका तिथेच सापडतो.

वजनाचे दोन त्रास असतात. एक त्याच्या भाराचा, दुसरा त्याच्या हलण्याचा. भार माणूस सहन करतो. पण चालीच्या उलट लयीत झुलणारे वजन प्रत्येक पावलाला मानेला हिसका देते. गळ्यात सैल लटकणारा कॅमेरा नेमके हेच करतो. शिवाय तो हाताने छातीशी धरून ठेवावा लागतो, म्हणजे पट्टा असूनही हात अडकलेलाच.

वीणेकऱ्याची गोष्ट आणखी निराळी. दिंडीतली वीणा जमिनीवर ठेवायची नसते. ती खांद्याशी उभी धरून तो चालतो, आणि थकल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात देतो. देताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. न थांबता वाहायचे ओझे असेल तर वाहणारा बदलायचा, हा त्यावरचा जुना तोडगा आहे. छायाचित्रकाराला ही सोय नाही. त्याला एक खांदा सोडून दुसरा घेता येतो, तेवढेच.

याच वाटेवर तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया असतात. डोके आणि वृंदावन यांच्या मध्ये चुंबळ असते: गुंडाळलेल्या कापडाचे एक कडे. चुंबळ वजन कमी करीत नाही; ते पसरवते आणि डळमळू देत नाही. बारामती-इंदापूरच्या माळावरचे मेंढपाळ खांद्यावर घडी घातलेली घोंगडी टाकतात. काठीला अडकवलेले गाठोडे त्यावर टेकले की काठी रुतत नाही. पूर्वी पखाल वाहणारा भिस्तीही रुंद पट्टा खांद्यावरून आडवा घेई आणि पखाल पाठीच्या खालच्या अंगाला, कमरेजवळ टेकवी. यांतल्या कोणीही दिवसभराचे ओझे मानेला टांगले नाही.

मराठा घोडेस्वाराचेही तसेच. हा सगळा मुलूख जुन्या भीमथडीचा. बारामती तालुक्याचे नावही एकेकाळी भीमथडी होते आणि इथली तट्टे चिवटपणासाठी प्रसिद्ध होती. मोकळ्या हातांनी लगाम आणि भाला सांभाळणारा स्वार ढाल पाठीवर टाकी. युरोपीय घोडदळात तर आजच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा थेट पूर्वज सापडतो. एकोणिसाव्या शतकातल्या स्वाराच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे एक रुंद चामडी पट्टा आडवा जाई. त्या पट्ट्यावर वरखाली सरकणारी एक फिरती आकडी असे आणि आकडीत कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, उलटी लटके. बंदूक उचलली की आकडी पट्ट्यावरून वर सरके; पट्टा खांद्यावरून हलत नसे. सोडली की ती पुन्हा मांडीशी येई.

कॅमेऱ्याच्या जगात हीच रचना ‘नवी’ म्हणून आली ती २००८ च्या सुमारास, अमेरिकेतील सिएटलच्या ब्लॅकरॅपिड या कंपनीमुळे. एका खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा, त्यावर सरकणारी आकडी, आणि कॅमेरा उलटा कमरेशी. तोवर छायाचित्रकारांनी दुसरे उपाय करून पाहिले होते. सत्तरच्या दशकात गिटारच्या पट्ट्यासारखे रुंद, विणलेले रंगीत पट्टे आले. नंतर पाणबुड्यांच्या पोशाखाचे निओप्रीन आले. ते ताणले जाते, म्हणून हातात घेतल्यावर कॅमेरा हलका भासतो. पण हे सगळे मानेवरचेच सुधारलेले पट्टे होते. जागा बदलण्याची कल्पना येईपर्यंत लायकाच्या कड्यांना पाऊणशे वर्षे झाली होती. आपल्याकडे तेवढ्या काळात शबनम पिशवी आडवी घालून साहित्य संमेलनांना जाणाऱ्यांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या, पण त्या पिशवीत पुस्तके असत, कॅमेरा नव्हे.

आता रुंदीचा हिशेब. तीन किलोचा कॅमेरा मानेच्या साधारण वीस सेंटिमीटर भागावर टेकतो असे धरू. पट्टा एक सेंटिमीटर रुंद असेल तर वीस चौरस सेंटिमीटरवर तीन किलो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅम. पट्टा चार सेंटिमीटर असेल तर तोच भार अडतीस ग्रॅमच्या आसपास येतो. गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. मात्र यावरून पट्टा जितका रुंद तितका चांगला असा निष्कर्ष काढणे चुकीचे. मान गोल आहे आणि खांद्याकडे उतरती. फार रुंद, ताठ पट्ट्याची फक्त एक कड टेकते आणि तीच कापते. म्हणून खांद्याचा भाग वक्र कापलेला आणि मऊ हवा, बाकीचा पट्टा अरुंद चालतो. चुंबळही डोक्यापेक्षा मोठे नसते.

निओप्रीनच्या लवचीकपणाचेही असेच. उभ्या उभ्या काम करणाऱ्याला तो सुखावतो. पण पंधरा-वीस किलोमीटर चालताना तोच पट्टा प्रत्येक पावलाला कॅमेरा वरखाली नाचवतो. मृदंगाचा पट्टा न ताणणारा असतो, हे इथे आठवावे.

या तालुक्यांत कॅमेरा घेऊन फिरण्याच्या जागा एका प्रकारच्या नाहीत, आणि म्हणून एकच पट्टा सगळीकडे योग्य ठरत नाही.

काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीत आणि इंदापुरात अश्वांचे गोल रिंगण. रिंगणात छायाचित्रकार धावतो, गुडघ्यावर बसतो, माणसांच्या भिंतीत घुसतो. इथे आडवा पट्टा उत्तम, पण एका अटीवर: कमरेशी झुलणारी लेन्स शेजारच्याच्या डोक्याला, बहुधा खाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या कपाळाला लागते. त्यासाठी आकडी पट्ट्यावर रोखून धरणारे चाप असतात, किंवा काखेखालून जाणारा दुसरा छोटा पट्टा असतो. ते नसेल तर धावताना एक हात कॅमेऱ्यावर ठेवलाच पाहिजे. अश्व सुटल्यावर धुळीसाठी गर्दी आत झेपावते, तेव्हा गळ्यातला न तुटणारा पट्टा कशातही अडकू शकतो. झटक्यात सुटणारी कडी असलेला पट्टा तिथे जास्त सुरक्षित.

दोन कॅमेरेवाल्यांसाठी दोन्ही खांद्यांवरून जाणारी जोडपट्टी आहे. ती भार समान वाटते आणि मान पूर्ण मोकळी ठेवते. तोटा इतकाच की ती घातली की माणूस लांबूनही छायाचित्रकार म्हणून ओळखू येतो, आणि फुगडी घालणारी बाई त्याच्याकडे पाहून थांबते.

आडवा पट्टा मुळात सपाट छातीच्या पुरुषावर मापून काढलेला होता, ही तक्रार स्त्री-छायाचित्रकारांनी लवकरच केली आणि वेगळ्या वळणाचे पट्टे निघाले. दुकानात पट्टा अंगावर घालून, कॅमेरा लावून, चार पावले चालून पाहिल्याशिवाय घेऊ नये, हे यामुळे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू.

पावसाचाही विचार हवा. आषाढातली ती वाट कोरडी असेल अशी खात्री नसते. चामडे भिजले की ताणते आणि वाळले की ताठते. सुती पट्टा घाम-पाणी धरून ठेवतो आणि मिठाने खरखरीत होतो. नायलॉनचा पट्टा दिसायला रुक्ष, पण रात्रीत वाळतो. मृदंगाच्या वाद्या पावसात सैल पडतात म्हणून वादक वाद्यावर मेणकापड घालतात. छायाचित्रकार कॅमेऱ्यावर प्लास्टिक चढवतो आणि पट्टा विसरतो.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य ही दुसरी जागा. शहाजीराजांच्या पुणे–सुपे जहागिरीतील सुपे ते हेच. अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरच्या या गवताळ, झुडपी माळावर चिंकारा दिसतात. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळही तसाच. इथे लेन्स लांब असते. दोनशे ते पाचशे मिलिमीटरची निकॉनची झूम एकटीच सव्वादोन किलोंच्या पुढे आहे. कॅमेऱ्यासह तीन किलो सहज होतात. अशी जोडी कॅमेऱ्याच्या कड्यांना टांगणे म्हणजे सगळे ओझे दोन छोट्या कड्यांवर आणि लेन्सच्या जोडावर टाकणे. पट्टा लेन्सच्या मधल्या कड्याला, ज्याच्यावर ती तिपाईला लावतात त्याला, अडकवावा. तिथे तिचा गुरुत्वमध्य जवळ असतो आणि ती अंगाला समांतर लोंबते. धातूच्या आकड्या एकमेकींवर आपटून खणखणल्या की चिंकारा मान वर करतो आणि दिवसाची मेहनत संपते. म्हणून जाणकार तिथे कापडाची चिंधी गुंडाळतात.

गाडीतून माळ पाहायचा असेल तर मात्र पट्टा काढून ठेवावा. तो दाराच्या हँडलात आणि गिअरमध्ये अडकतो.

तिसरी जागा भिगवण. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की अजून वर येते. त्याच फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात रोहित, अर्थात फ्लेमिंगो, उतरतात आणि छायाचित्रकार स्थानिक नावाड्यांच्या छोट्या होड्यांतून त्यांच्याकडे जातात. होडीत चालायचे नसते. लेन्स गुडघ्यावर किंवा कडेवर ठेवलेल्या वाळूच्या उशीवर टेकलेली असते, म्हणजे भार होडीवर. पट्ट्याचे काम एकच, कॅमेरा पाण्यात जाऊ न देणे. इथे जुना, गळ्यातला, आखूड पट्टाच बरा. बार्नाकच्या काळातली मांडणी इथे अजून बरोबर बसते, कारण इथे मानेवर वजन नाही. आडवा, लांब पट्टा होडीत पायात घोटाळतो.

आडव्या पट्ट्याची एक खोड सांगितलीच पाहिजे. त्यातले बरेचसे पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी तिपाईसाठी असलेल्या पाव इंची आट्यात स्क्रूने बसतात. चालताना कॅमेरा हलतो, फिरतो, आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. रबरी चकती घातली तरी होतो. दर मुक्कामाला, निदान सकाळ-दुपार, तो बोटाने आवळून पाहावा लागतो, आणि कॅमेऱ्याच्या कडीतून पट्ट्याला एक जादा दोरी बांधून ठेवावी लागते. कार्बाइनचा स्वार या बाबतीत सुखी होता. त्याची आकडी पोलादी सळईवर बसवलेल्या कड्यात अडके, त्यात सैल होण्यासारखे काही नव्हते.

गिर्यारोहकांनी १९५२ मध्येच, डिक केल्टीच्या पाठपिशवीपासून, वजन खांद्यावरून कमरेच्या हाडांवर उतरवायला सुरुवात केली होती. कॅमेऱ्याला कमरपट्ट्यावर अडकवण्याच्या आकड्या आता मिळतात, आणि साडेचार किलोंसाठी त्या सर्वांत शहाण्या आहेत. तरी वारीत त्या क्वचितच दिसतात. रस्त्यावर बसताना-उठताना कमरेचा कॅमेरा जमिनीला टेकतो.

निमगाव केतकीहून इंदापुराकडे निघालेल्या दिंडीत आजही दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी दिसतात: तरुणांचे आडवे पट्टे, आणि जुन्या छायाचित्रकारांनी मनगटाला दोन वेढे देऊन हातातच धरलेला कॅमेरा. हे दुसरे लोक पट्टा मानेत घालतच नाहीत. गरज पडली तर खांद्यावर टाकतात, दर अर्ध्या तासाने खांदा बदलतात. कंपनीने दिलेला मूळ पट्टा बहुतेकांच्या घरी खोक्यातच, कागदी पट्टीत गुंडाळलेला असतो, आणि कॅमेरा पुढे कधी विकायला काढला की जाहिरातीत एक ओळ आवर्जून येते: पट्टा न वापरलेला.